ठरंना, म्हणून टाकतोय

जूनमध्ये आमच्या कॉलेजात दाखल्याच्या खिडकीपाशी गर्दी असते. बारावी झालेली मुलं लिव्हिंग न्यायला येतात. सोबत आई नाहीतर वडील आणि हातात झेरॉक्सनी फुगलेली प्लॅस्टिकची फाइल. यंदा अशाच एका वडिलांनी मला हाक मारली. मुलगा आमच्याच ज्युनिअरचा, सायन्सचा. मी त्याला विचारलं, “काय मग, पुढं काय ठरवलंयस?” तो फाइलच्या बटणाशी चाळा करत राहिला. उत्तर वडिलांनी दिलं. “सर, ह्याचं काय ठरंना बघा. म्हणून इंजिनिअरिंगला टाकतोय.”

वीस-बावीस वर्षं मी हे वाक्य ऐकतोय. माझं भांडण त्यातल्या ‘म्हणून’शी आहे. मुलाला कुठं जायचंय ते कळत नाही, म्हणून त्याला सगळ्यात महागड्या आणि मधे कुठंही न थांबणाऱ्या गाडीत बसवायचं. चार वर्षं, काही लाख रुपये, बहुधा कर्ज, आणि एकच ठरावीक पदवी. ज्याचं ठरलंय त्याच्यासाठी हा रस्ता चांगला आहे, त्यात वाद नाही. पण ज्याचं ठरलेलं नाही त्याच्यासाठी हाच रस्ता सुरक्षित कसा, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

त्या वडिलांना मी दोष देत नाही. त्यांना हे शिकवलं गेलंय. दहावी-बारावीच्या निकालानंतर गावोगावच्या मंगल कार्यालयांत जे मार्गदर्शन मेळावे होतात, तिथं दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. पहिलं : आधी करिअर ठरवा, मग कॉलेज बघा. दुसरं : ठरत नसेल तर सायन्स घ्या, पुढं इंजिनिअरिंग करा, सगळे दरवाजे उघडे राहतात. दोन्ही वाक्यं इतक्या खात्रीनं सांगितली जातात की ऐकणाऱ्याला वाटतं, न ठरणं हाच मुलाचा दोष. मी दोन्ही वाक्यांच्या विरोधात लिहितो आहे. दोन्ही चुकीची आहेत, आणि दुसरं तर घातक आहे.

आधी करिअर ठरवा म्हणजे कशातून ठरवा? आमच्याकडं अकरावीला येणाऱ्या मुलांना मी दरवर्षी एक काम देतो : तुम्ही स्वतः ज्यांना काम करताना बघितलंय असे व्यवसाय लिहा. डॉक्टर, शिक्षक, पोलीस, तलाठी, कंडक्टर, वायरमन, मेडिकलवाला, बँकेतले साहेब, गवंडी, पशुवैद्य. दहा-बाराच्या पुढं यादी क्वचितच जाते. शहरातल्या मुलाची यादी थोडी वेगळी असेल, लांबी तेवढीच. भूजलाचा अभ्यास करून विहीर कुठं खणायची ते सांगणारा माणूस त्यानं बघितलेला नाही. विमा कंपनीत जोखमीचं गणित मांडणारी बाई बघितलेली नाही. नकाशे करणारा, शब्दकोश करणारा, बियाण्याची उगवण तपासणारा, श्रवणदोष असलेल्या मुलांना बोलायला शिकवणारा, यातलं कुणीच बघितलेलं नाही. त्या दहा-बारांतून एक निवड आणि चाळीस वर्षं त्यावर काढ, असं आपण सतरा वर्षांच्या पोराला सांगतो. तो गप्प बसतो. त्या गप्प बसण्याला आपण गोंधळ म्हणतो. मला ते त्याच्या प्रामाणिकपणाचं लक्षण वाटतं.

यावर उपाय म्हणून कलचाचणी पुढं केली जाते. आपल्या राज्य मंडळानं २०१६ मध्ये दहावीच्या मुलांसाठी ती सुरू केली तेव्हा मी तिचं स्वागतच केलं होतं. मुलाचा विचार कुणीतरी करतंय, एवढंच तेव्हा पुरेसं वाटलं. पण कलचाचणी काय विचारते? तुला अमुक करायला आवडेल का. आवडेल की नाही हे कळायला ते एकदा तरी करून बघावं लागतं. ज्या मुलीनं कधी पुतळा घडताना, खटला चालताना, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी विभागताना बघितलेलं नाही, ती उत्तर देते ते ऐकीव माहितीवर. चाचणीतून तिचा कल निघत नाही, तिचा आजवरचा परिसर निघतो. बोटांचे ठसे घेऊन मेंदूचा कल सांगणारी ‘डीएमआयटी’ नावाची दुकानं निघाली आहेत, त्यांच्याबद्दल तर एवढंच सांगतो : बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि त्यांच्यावरून मुलानं कॉमर्स घ्यावं की आर्ट्स हे सांगणारं कुठलंही शास्त्र अस्तित्वात नाही. त्यासाठी पैसे मोजू नका.

माझं म्हणणं उलटं आहे. करिअर ठरवून कॉलेज निवडायचं, हा क्रम बहुतेक मुलांच्या बाबतीत चुकीचा आहे. ठरणं ही कॉलेजात घडणारी गोष्ट आहे. इरावती कर्वे फर्ग्युसनमधून १९२६ साली पदवीधर झाल्या त्या तत्त्वज्ञान घेऊन. मग मुंबईला घुर्यांकडं समाजशास्त्र, आणि १९३० मध्ये बर्लिनची डॉक्टरेट मानववंशशास्त्रात. पुण्यात बसून सतराव्या वर्षी त्यांनी मानववंशशास्त्र ‘ठरवलं’ असतं का? त्या विषयाशी गाठ पडायलाच त्यांना तीन संस्था आणि काही वर्षं लागली. थोरांचं एक उदाहरण इथं पुरे. मोठ्या माणसांच्या गोष्टींनी सामान्य मुलाचा प्रश्न सुटत नाही. पण त्या गोष्टीतला क्रम बघा. विषय आधी भेटला, मग माणूस त्या विषयाचा झाला.

आता दुसरं वाक्य. सायन्स घेतलं की सगळे दरवाजे उघडे राहतात. यात अर्धं सत्य आहे आणि म्हणूनच ते इतकं टिकलंय. वैद्यकीय, अभियांत्रिकी, फार्मसी, कृषी, बी.एस्सी. नर्सिंग, वैमानिक, एनडीएतलं नौदल, हवाई दल यांना बारावीला विज्ञानाचे विषय लागतात. सायन्सवाल्याला पुढं आर्ट्स-कॉमर्सला येता येतं, आर्ट्सवाल्याला सायन्सला जाता येत नाही. कबूल. पण कायदा, सीए, डिझाइन, हॉटेल मॅनेजमेंट, पत्रकारिता, बीबीए, अर्थशास्त्र, एनडीएतली भूदलाची शाखा, पुढं कुठल्याही पदवीवर होणाऱ्या एमपीएससी, यूपीएससी, बँकेच्या परीक्षा, एमबीए, यातल्या कशालाही बारावी सायन्सच हवी असं नाही. म्हणजे ‘सगळे दरवाजे’ आर्ट्स-कॉमर्सला बंद होतात हे खोटं. आणि दार उघडं असणं वेगळं, उंबरठा ओलांडता येणं वेगळं. एमबीबीएसचं दार बायोलॉजी घेतलेल्या प्रत्येकाला उघडं आहे. सरकारी कॉलेजची जागा किती जणांना मिळते ते घरोघर माहीत आहे.

शिवाय हे दरवाजे उघडे ठेवण्याची किंमत कुणी सांगत नाही. आजचं अकरावी-बारावी सायन्स म्हणजे काय? अनेक ठिकाणी ‘इंटिग्रेटेड’ : प्रवेश कॉलेजात, मुलगा सकाळपासून रात्रीपर्यंत क्लासमध्ये, प्रॅक्टिकल परीक्षेच्या आधी आठवडाभरात उरकलेलं. ज्याला डॉक्टर व्हायचंय तो हे सोसतो, कारण त्याला पलीकडचं काही दिसत असतं. ज्याचं ठरलेलं नाही, त्याला जग बघायची हीच दोन वर्षं होती, आणि तीच आपण एमसीक्यूच्या ठोकळ्यात कोंडतो. तो नाटकात जात नाही, मैदानावर जात नाही, अवांतर वाचत नाही, सुट्टीत मामाच्या दुकानात बसत नाही. बारावीनंतर तो पुन्हा म्हणतो, ठरत नाही. ठरणार कसं? दोन वर्षांत त्याच्या आयुष्यात एकही नवीन गोष्ट आलेली नाही.

हे मी अधिकारानं सांगतो असं नाही. चुकीतून शिकून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी शेजारच्या गावातल्या एका मुलाला मीच सांगितलं होतं, ठरत नाही ना, मग सायन्स घे, नुकसान काही नाही. त्याला दहावीला ८४ टक्के होते. इतिहास-भूगोलात तो रमायचा. माझ्या लक्षातही होतं. पण मीही तेच मेळाव्यातलं वाक्य म्हटलं. बारावीला ५३ टक्के पडले. मग इंजिनिअरिंग. पहिल्या वर्षी चार विषय राहिले, मग एटीकेटी, मग इयर डाउन. पाचव्या वर्षी तो माझ्याकडं आला तो बी.ए.चा फॉर्म कसा भरायचा विचारायला. बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, “सर, मी मठ्ठ आहे का हो?” दहावीला ८४ टक्के असलेला मुलगा. पैसे गेले ते सोडा. स्वतःबद्दल त्याला जे वाटायला लागलं होतं, ते माझ्या त्या एका सोयीस्कर वाक्यानं झालं होतं. त्यानंतर मी ते वाक्य कधी उच्चारलेलं नाही.

इंजिनिअरिंगवाल्यांचा युक्तिवाद असतो : अहो, निदान हातात प्रोफेशनल डिग्री तर येते. नोकरी कुठलीही लागू दे. आयटी, बँक, एमपीएससी, सगळीकडं इंजिनिअर दिसतातच ना? दिसतात. पण त्यातल्या किती जणांना चार वर्षांतलं थर्मोडायनॅमिक्स कामाला आलं? बँकेत जायचंच होतं तर बी.कॉम. करून तीन वर्षांत, कर्जाशिवाय जाता आलं असतं. इंजिनिअर बँकेत दिसतो याचा अर्थ इंजिनिअरिंगनं त्याला बँकेत पोचवलं असा होत नाही. तो वळसा घालून पोचला, एवढाच होतो.

आणि ‘स्कोप’? माझ्या डोळ्यांसमोर मेकॅनिकल राजा होती, मग सिव्हिलला आणि मेकॅनिकलला पोरं मिळेनात, आता ज्याला त्याला कॉम्प्युटर आणि एआय हवंय. २०२४-२५ पासून एआयसीटीईनं चांगल्या संस्थांना एका शाखेत किती जागा घ्याव्यात यावरची कमाल मर्यादाच उठवली, आणि कॉलेजांनी मागणी तिथं जागा वाढवल्या. प्रवेश मिळणं आता अडचण राहिलेली नाही. खुल्या प्रवर्गाला बारावीच्या तीन विषयांत ४५ टक्के, मागास प्रवर्गांना ४०, आणि सीईटीत शून्याहून अधिक गुण. एवढ्यावर पात्रता होते. म्हणजे कुठंतरी जागा मिळणारच. प्रश्न हा की जिथं जागा रिकाम्या असतात तिथं त्या का रिकाम्या असतात. ज्याचं ठरलंय तो चांगल्या कॉलेजसाठी धडपडतो, नाही मिळालं तर थांबतो. ज्याचं ठरलेलं नाही त्याच्यासाठी घरचे ऑप्शन फॉर्म भरतात, सायबर कॅफेवाल्याच्या सल्ल्यानं, कटऑफच्या उतरत्या क्रमानं. मिळेल ती ब्रँच, मिळेल ते गाव. आणि ब्रँच हातात येते ती वर्गात पाऊल ठेवण्याआधी. इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे काय हे कळायच्या आत मुलगा इलेक्ट्रॉनिक्सचा झालेला असतो. पुढं ब्रँच बदलता येते म्हणतात. येते, रिकामी जागा असली आणि गुण चांगले असले तर. आणि हव्या त्या ब्रँचला जागा रिकामी नसते.

मुलींच्या बाबतीत एक नवी गोष्ट झाली आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अतिशय चांगला निर्णय आहे. पैशावाचून अडलेल्या कितीतरी मुली त्यानं मार्गी लागतील. पण आता ऐकायला येतं, फी माफ आहे ना, मग घे इंजिनिअरिंग. बाळा, तुझी चार वर्षं माफ होत नाहीत. आणि परगावच्या राहण्या-खाण्याचा खर्च उरतोच.

मग न ठरलेल्या मुलानं करावं काय? इथं मला एक गोष्ट आग्रहानं सांगायची आहे, कारण ती आपल्याच घरात असून आपण विसरलोय. आपली साधी बी.ए., बी.एस्सी. ही पदवी मुळात न ठरलेल्या मुलासाठीच रचलेली होती. एफ.वाय.ला पाच-सहा विषय, त्यातले दोन-तीन आयुष्यात पहिल्यांदा भेटणारे, एस.वाय.ला त्यातले काही गळणार, टी.वाय.ला एक ‘स्पेशल’. म्हणजे पहिल्या वर्षी बघ, दुसऱ्या वर्षी निवड, तिसऱ्या वर्षी खोल जा. नव्या शैक्षणिक धोरणातही आपल्याकडच्या काही विद्यापीठांनी पहिल्या वर्षी तीन विषय आणि त्यातून पुढं मेजर, अशी रचना ठेवली आहे. अमेरिकेत मुलगा साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मुख्य विषय जाहीर करतो, त्याचं आपल्याला केवढं कौतुक. तसंच शिक्षण देणारी खाजगी विद्यापीठं आपल्याकडं निघाली, वर्षाला काही लाख फी घेतात, आणि ऐपतदार घरं ती आनंदानं भरतात. श्रीमंताच्या मुलाला एकोणिसाव्या वर्षापर्यंत न ठरवण्याची मुभा, आणि एसटीनं येणाऱ्या पोरानं मात्र पंधराव्या वर्षी ठरवलं पाहिजे, हा कुठला न्याय? त्याच्यासाठीची मुभा तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात वर्षाला काही हजारांत पडून आहे, आणि आपण तिला ‘काहीच नाही मिळालं तर’ म्हणतो.

एक मुलगी आठवते. बारावी कॉमर्स, पण अकाउंट्सला कंटाळलेली, म्हणून बी.ए.ला आली; तिच्या घरी ती ‘वाया गेली’ म्हणून दोन दिवस चूल पेटली नव्हती असं तिनंच नंतर सांगितलं. एफ.वाय.ला मराठी, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र ठरलेलं होतं. चौथा विषय भूगोल, कारण त्याच्या तासाला एसटीची वेळ जुळत होती. दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलला मी टोपोशीट वाटतो. पन्नास हजारांत एक प्रमाणाचे भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे, तपकिरी समोच्च रेषा, दर वीस मीटर उंचीला एक. तिच्या वाट्याला योगायोगानं तिच्याच भागाचा आला. ती ट्रेसिंग पेपरवर एक ओढा काढत होती. काढता काढता थांबली. पेन्सिलीचं टोक एका ठिकाणी ठेवून म्हणाली, “सर, ही आमची वस्ती. मग पाणी वर का चढवतायत? टाकी इकडं बांधली असती तर आपोआप आलं असतं की.” मी वाकून बघितलं. तिच्या वस्तीवर दोन वर्षांपूर्वी पाण्याची टाकी झाली होती, विजेची मोटर लावून पाणी चढवायचे, लोडशेडिंगला हंडे रिकामे. नकाशावरच्या दोन रेषांमधलं अंतर तिनं वाचलं होतं आणि तिला तिच्या गावाचं दुखणं कळलं होतं. त्या दिवशी दुपारची एसटी तिनं सोडली. पुढं जिओइन्फॉर्मेटिक्समध्ये एम.एस्सी. केलं, आता पाणलोट क्षेत्रांच्या नकाशांवर काम करते. तिची कलचाचणी कुणी घेतली असती तर ‘नकाशे’ हा शब्दच त्यात आला नसता.

ती टोपोशीट, तो तास आणि प्रश्न विचारायला उभा असलेला कुणी माणूस, एवढ्यावर ते घडलं. म्हणून मी म्हणतो : ठरलेलं नसेल तर कोर्स बघू नका, जागा बघा. जिथं मुलाला नव्या गोष्टी खरोखर भेटतील, जिथं त्याला कुणी नावानं ओळखेल, आणि जिथून रस्ता बदलायचा झाला तर घर बुडणार नाही, अशी जागा.

आता माझ्या बाजूचं दुखणंही मी लपवणार नाही, कारण विरोधक ते काढणारच, आणि त्यांनी काढलंच पाहिजे. तुम्ही सांगता ते साधं कॉलेज आहे कुठं? अनेक आर्ट्स कॉलेजांत वर्ग भरत नाहीत. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, तासिका तत्त्वावरचा सीएचबीवाला तीन गावांत धावतोय, मुलं परीक्षेपुरती येतात. खरं आहे, आणि हे लिहिताना मला लाज वाटते, कारण ते माझं क्षेत्र आहे. पण यातून निष्कर्ष काय निघतो? साधी पदवी नको असा नाही. साध्या पदवीचं कॉलेज फार बारकाईनं निवडा, असा निघतो. ही निवड कुणी करतच नाही. इंजिनिअरिंगच्या कॉलेजची आपण दहा ठिकाणी चौकशी करतो, बी.ए. म्हटलं की घराजवळचं.

चौकशी माहितीपत्रकावरून करू नका. जुलै-ऑगस्टमध्ये प्रवेश झालेले असतात पण बदलायला थोडा अवकाश असतो; त्याच्याही आधी, कॉलेज चालू असताना आणि परीक्षा नसताना, एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी जा. साडेदहाला कुठल्या वर्गात शिकवणं चालू आहे ते व्हरांड्यातून चालत बघा. ग्रंथालयात जा आणि काउंटरवरच्या माणसाला विचारा, आज किती पुस्तकं बाहेर गेली. पुस्तकांच्या कपाटाला कुलूप आहे की मुलं स्वतः हात लावतात ते बघा. प्राचार्यांशी बोलू नका, एस.वाय.च्या पोरांशी कॅन्टीनमध्ये बोला : या विषयाला कायम शिक्षक किती, सीएचबीवर किती, गेल्या वर्षी सहल कुठं नेली, प्रयोगशाळा कधी उघडते. माहितीपत्रकात बारा विषयांची ओपन इलेक्टिव्ह लिहिलेली असतात. प्रत्यक्ष कुठली दोन-तीन चालतात, ते पोरं सांगतील.

कॉलेज एनआयआरएफमध्ये असेल, म्हणजे केंद्र सरकारच्या २०१६ पासूनच्या क्रमवारीत भाग घेत असेल, तर त्याच्या वेबसाइटवर त्यांनी भरलेली माहिती असते. क्रमांक सोडून द्या, त्यातला तक्ता उघडा. पहिल्या वर्षाला किती जागा, किती भरल्या, ठरल्या वर्षांत किती उत्तीर्ण झाले, किती नोकरीला लागले, मधला पगार किती, किती पुढच्या शिक्षणाला गेले. शंभर आत आले आणि वेळेत चाळीस बाहेर पडले, तर फलकावरच्या ‘सर्वोच्च पॅकेज’ला काही अर्थ नाही. सर्वोच्च पॅकेज एका मुलाचं असतं. मधला पगार तुमच्या मुलाबद्दल जास्त सांगतो. इंजिनिअरिंगच्या कॉलेजलाही हेच माप लावा.

राहता राहिला पैसा, आणि खरा आक्षेप तोच आहे. मला सांगतात, सर, तुमचं बोलणं खात्या-पित्या घरासाठी ठीक. आमच्या पोराला तीन वर्षं ‘शोधत’ बसायला परवडत नाही. त्याला लवकर हाताशी यायचंय. याला मी मान झुकवून उत्तर देतो, कारण माझ्याच घरात मी तिसऱ्या इयत्तेत असताना मोठ्या भावाची शाळा सुटली. पण हिशेब उलटा आहे. कोर्स बदलणं कुणाला परवडतं ते बघा. होमी भाभा १९२७ मध्ये केंब्रिजला गेले ते मेकॅनिकल इंजिनिअरिंगला. वडिलांच्या मनात टाटांची जमशेदपूरची नोकरी होती. तिथं त्यांचा जीव भौतिकशास्त्रात अडकला. १९३० ला मेकॅनिकलमध्ये पहिला वर्ग मिळवून मग ते गणित-भौतिकीकडं वळले. त्यांच्या वडिलांना दोन्हींचा खर्च झेपला. गरीब घराला चुकीचा कोर्स एकदाच परवडतो. म्हणूनच गरीब घरानं न ठरलेल्या मुलावर मोठी रक्कम एका फटक्यात लावू नये. शैक्षणिक कर्जाला चार लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही, पुढं साडेसात लाखांपर्यंत जामीनदार चालतो, अभ्यासक्रमानंतर वर्षभर हप्ता नाही. हे सगळं ऐकायला सोपं वाटतं. पण व्याज चढत असतं आणि वर्षभरानं हप्ता सुरू होतो, तेव्हा मुलगा त्याला आवडेल ते नव्हे, आधी जे मिळेल ते घेतो. कर्जानं त्याचं करिअर ठरवून टाकलेलं असतं. ठरत नाही म्हणून काढलेलं कर्ज सगळ्यात वाईट.

त्याऐवजी : अनुदानित कॉलेज, एसटीचा विद्यार्थी पास, ज्यात दोन-तृतीयांश भाडं माफ असतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेली ‘कमवा व शिका’ योजना अजून अनेक विद्यापीठांत चालते. ती त्या कॉलेजात आहे का, दिवसाचे किती तास, हे पहिल्या दिवशी विचारायचं. घरची ओढाताण फारच असेल तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पदवी. हातात कौशल्य हवं असेल तर आयटीआय किंवा पॉलिटेक्निक. तीन वर्षांच्या डिप्लोम्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि तेव्हा मुलाला ब्रँच काय असते ते माहीत झालेलं असतं. हे सगळे रस्ते स्वस्त आहेत, आणि बहुतेकांत मधे उतरायचं स्टेशन आहे.

‘एक वर्ष ड्रॉप घेऊ दे’ असंही काही जण म्हणतात. काम करत, कुठंतरी शिकत घेतलेला ड्रॉप चालेल. घरात त्याच पुस्तकांसमोर काढलेलं वर्ष त्याच प्रश्नापाशी आणून सोडतं.

त्या दिवशी दाखल्याच्या रांगेतच मी त्या वडिलांना हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, फॉर्म भरायला अजून आठ दिवस आहेत, पोराला घेऊन तीन कॉलेजं बघून या, आमचं धरून. आणि तुम्ही बाहेर थांबा, त्याला एकट्याला आत जाऊ दे. मुलगा पहिल्यांदा वर बघून म्हणाला, “काय बघायचं सर?” मी वरचे प्रश्न त्याच्याच फाइलमधल्या एका झेरॉक्सच्या पाठीवर लिहून दिले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वडिलांचा फोन आला. पोरानं आमच्याकडं नाही घेतलं. बारा किलोमीटरवरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला घेतलं, संख्याशास्त्र, गणित आणि भूगोल. आमच्या कॉलेजची नकाशाची खोली दोनदा बंद दिसली, असं तो म्हणाला म्हणे. मी फोन ठेवला आणि शिपायाला किल्ली मागितली.